तूप वर आलं, बी-१२ ताकात राहिलं

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रक्ततपासणीचं शिबिर झालं. सकाळी सातला उपाशीपोटी रांग, मग चहा-पोहे, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ. साखर आणि कोलेस्टेरॉलच्या आकड्यांवर कुणी फारसं बोललं नाही, त्यांची आता सगळ्यांना सवय झालीय. ग्रुपवर गोंधळ उडाला तो बी-१२ वरून. निम्म्याहून जास्त रिपोर्टांत त्या ओळीवर लाल खूण.

आमच्या घरातले दोन आकडे सांगते. सासूबाई, वय ७४, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य: १४८. भाचा, वय २६, हिंजवडीत नोकरी, रविवारी मटण थाळीवर आडवा हात मारणारा: १८१. रिपोर्टवर खालची मर्यादा २०० छापलेली, म्हणजे दोघेही नापास. सासूबाई म्हणाल्या, "मी बाहेरचं काही खात नाही, घरचं साधं जेवते, मग मलाच कसं?" भाचा म्हणाला, "मी तर नॉनव्हेज खातो, मला कसं?"

दोघांचे प्रश्न एकमेकांच्या उलटे, पण उत्तर बरंचसं एकच आहे. ते आपल्या दुधाच्या पातेल्यात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडतं.

हे बी-१२ आहे तरी काय?

बी-१२ हे जीवनसत्त्व. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, पण त्याच्याशिवाय चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी नीट घडायला ते लागतं. नसांवर एक आवरण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. ते आवरण शाबूत राहायलाही ते लागतं. आणि नवी पेशी तयार होताना तिच्या गाभ्यातल्या मजकुराची नक्कल काढायच्या कामातही त्याचा हात असतो.

लागतं किती? दिवसाला साधारण २ मायक्रोग्रॅम. पाव चमचा साखर म्हणजे अंदाजे एक ग्रॅम. तिचे पाच लाख भाग केले तर त्यातला एक. ऐंशी वर्षांच्या आख्ख्या आयुष्याला साठ मिलिग्रॅमही पुरेत. इतकी किरकोळ गोष्ट पुण्यासारख्या खाऊनपिऊन सुखी शहरात कमी पडते, हेच लोकांच्या पचनी पडत नाही.

मेख अशी आहे की बी-१२ फक्त जिवाणू बनवतात. झाडं बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. गाय-म्हैस गवत खाते, तिच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात अब्जावधी जिवाणू असतात, मातीतून चाऱ्यात आलेला कोबाल्ट वापरून ते बी-१२ तयार करतात, आणि ते तिच्या मांसात आणि दुधात उतरतं. म्हणून मांस, मासे, अंडी, दूध एवढीच ते मिळायची ठिकाणं. गहू, तांदूळ, डाळी, पालेभाज्या, फळं, सुकामेवा यांत ते नाही. कमी आहे असं नव्हे, नाहीच.

एक बस, एक थांबा

खाल्लेलं बी-१२ रक्तात पोचेपर्यंतचा प्रवास मोठा किचकट आहे. मला तो पीएमटीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, उदाहरणानं समजला, तसाच सांगते. (पीएमपीएमएल म्हणायचं असतं, ठाऊक आहे.)

अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटून येतं. जठरातलं आम्ल त्याला सोडवतं. पुढं जायला त्याला एक वाहन लागतं. हे वाहनही जठरातच तयार होतं, आणि ते एक प्रथिनच असतं. ही आपली बस. ती लहान आतड्यातून शेवटपर्यंत जाते, कारण उतरायचा थांबा एकच, लहान आतड्याचं अगदी शेवटचं टोक. तो चुकला की चुकला. आपल्या मोठ्या आतड्यातही जिवाणू राहतात आणि बी-१२ बनवतात, पण ती वस्ती थांब्याच्या पुढं आहे. तिथला माल आपल्याला मिळत नाही.

आणि बस लहान आहे. एका जेवणात तिच्यातून जेमतेम दीड ते दोन मायक्रोग्रॅम जातं. मग जागा संपल्या. पुढची बस काही तासांनी. उरलेले पायी निघतात आणि शंभरातला जेमतेम एखादा पोचतो.

भाच्याचं कोडं इथं अर्धं सुटतं. रविवारी मटण थाळी चेपली म्हणून आठवड्याची बेगमी होत नाही. त्या जेवणाला बस भरली, संपलं. सोमवारी उपास. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधे संकष्टी, एकादशी. श्रावण अख्खा बाद, नवरात्र बाद, मार्गशीर्षातले गुरुवार बाद. "आम्ही नॉनव्हेज खातो" म्हणणाऱ्या मराठी घरांत प्रत्यक्षात किती ताटांत काय पडतं, हे एकदा कॅलेंडर घेऊन मोजून बघा. शिवाय ताटात पडतो तो बराचसा रस्सा. फोडी दोन, त्यातल्या एकीत हाड. नावाला मांसाहारी असलेला माणूस वर्षाचे किती तरी महिने व्यवहारात शाकाहारीच असतो.

बस बिघडवणाऱ्याही दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ॲसिडिटीच्या गोळ्या, ज्या आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं बडीशेपेसारख्या घेतात. आम्ल कमी झालं की बी-१२ अन्नातून सुटत नाही. दुसरी मेटफॉर्मिन, डायबेटिसची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी. ती दीर्घकाळ घेतली तर बी-१२ कमी शोषलं जातं. गोळी मनानं बंद करू नका, ती कामाची आहे. पण ती चालू असेल तर डॉक्टरांना बी-१२ तपासायला जरूर सांगा.

दुधाचा हिशेब

आता सासूबाईंचं कोडं. त्या म्हणतात, "दूध-दही आहे की आपल्यात." आहे. आमच्याकडे चार माणसांत रोज एक लिटर दूध येतं. मी एक दिवस सरळ मोजायला बसले. माप म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण, दहा मिलीचं.

सासूबाईंच्या एका कप चहात दूध निघालं चार टोपणं, म्हणजे ४० मिली. दिवसात तीन चहा, १२० मिली. तेही आलं घालून चांगलं खळखळ उकळलेलं, आणि फार उकळलं की बी-१२ थोडं कमी होतं. दुपारी दहीभाताला दोन चमचे दही. ताक ग्लासभर, पण ते त्यांच्या पद्धतीचं. तळाशी दही, वर पाणी, हिंग-जिरं-मीठ आणि भरपूर श्रद्धा.

शंभर मिली दुधात बी-१२ साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे त्यांचा दिवसाचा गल्ला एक मायक्रोग्रॅमच्याही खाली, गरजेच्या निम्मा. आणि वयोमानानं जठरातलं आम्ल कमी झालेलं, त्यामुळे त्यातलंही सगळं पोचत नाही.

मग लिटरभर दूध जातं कुठं? यात आपली खरी संस्कृती दिसते. पहिला ग्लास नातवाचा. मग चहा, येणाजाणाऱ्याचा धरून. मग विरजण. आणि सगळ्यात मानाची गोष्ट साय. ती रोज काढून डब्यात, आठवड्यानं विरजून, घुसळून, लोणी, कढवून तूप. तुपाचा घरभर वास, वरणभातावर धार, "घरचं तूप आहे हो!" पण बी-१२ पाण्यात विरघळणारं आहे, स्निग्धात नाही. लोणी वर येतं तेव्हा बी-१२ खाली ताकात राहतं. तुपात ते औषधालाही सापडत नाही. आणि ते लोण्याखालचं ताक आमच्याकडे कढीला थोडं, बाकी बाईंना, "घेऊन जा हो, फार झालंय" म्हणून. गुढीपाडव्याला चक्का टांगतो, त्यातून निथळलेल्या पाण्याबरोबरही थोडं जातं. ते पाणी आई कणीक भिजवायला वापरायची. मी चक्का विकत आणते.

आणि एक नाजूक मुद्दा. वाटपात घरातल्या बाईचा नंबर शेवटचा. हे कुणी ठरवून करत नाही, दुष्टपणानं तर नाहीच. दही उरलं तर ती घेते, दूध उरलं तर विरजण लावते. "मला नाही आवडत दूध" असं म्हणणाऱ्या किती जणींना खरंच दूध आवडत नाही आणि किती जणींनी ते पुरेनासं झालं तेव्हा नावडतं करून टाकलं, सांगणं अवघड आहे. माझ्या आईला खरवस मात्र आवडायचा.

पुण्यानं हे आधीच मोजून ठेवलंय

या विषयावरचं जगात नावाजलेलं काम आपल्या रास्ता पेठेत झालंय. केईएम रुग्णालयातले डायबेटिसचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ही मोजदाद अनेक वर्षं करत आले आहेत.

२००६ साली त्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे आकडे प्रसिद्ध केले. काही खेड्यांतले, काही पुण्याच्या झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. एकूण ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी. पण गंमत पुढं आहे. मध्यमवर्गीयांत हे प्रमाण ८१ टक्के निघालं. म्हणजे ज्यांच्या फ्रिजमध्ये सगळं आहे, तेच सर्वांत मागं. आणि नेहमी मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींना कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त.

त्याआधी, १९९३ मध्ये, पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला होता. तिथं जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन निघालं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. इथवर नवल नाही. नवल हे की आपली बाळं स्नायूंत फार कमी होती, पण कातडीखालच्या चरबीत त्या मानानं फारशी मागं नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. हीच ठेवण पुढं डायबेटिसला आमंत्रण देते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक जोडफोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी एकसारखं, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२.

या गावांतून आणखी एक गोष्ट कळली. बाळाचं वजन आईनं एकूण किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा ती दूध, हिरव्या भाज्या आणि फळं किती वेळा खाते याच्याशी जास्त जुळत होतं. भाकरीचा आकार वाढवून भागत नव्हतं.

आता बी-१२ कडे परत. त्या गरोदर बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी होतं. फोलेट मात्र जवळपास कुणाचंच कमी नव्हतं. फोलेट म्हणजे फॉलिक ॲसिड, बी-१२ चं जोडीदार जीवनसत्त्व. डाळी आणि पालेभाज्यांतून ते आपल्याला मिळतं, शिवाय गरोदरपणात गोळ्याही असतात. जुन्या घरात जात्याचा खुंटा दोघी मिळून ओढायच्या, तसं या दोघांचं काम. एकीनं हात सोडला तर दुसरी कितीही दणकट असली तरी दळण नीट होत नाही. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईचं गरोदरपणात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या शरीरात इन्शुलिन सगळ्यात कमी प्रभावी ठरत होतं. डायबेटिसची वाट जिथून सुरू होते ती ही जागा.

असे अभ्यास जोडी दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. म्हणून त्याच गटानं पुढं त्याच मुलांना, ती किशोरवयीन झाल्यावर, रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहायचा प्रयोग हाती घेतला. लग्न आणि बाळंतपण दूर असतानाच. आईची शिदोरी गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात भरायला घेतली तर उशीर होतो, हा त्यामागचा विचार.

"आमच्या आजीला कुठं काय झालं होतं?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. सासूबाईंनी तर तो दोनदा विचारला.

एक, आजीचं रक्त कुणी तपासलं होतं? पायांना मुंग्या येणं, तळवे बधिर होणं, अंधारात तोल जाणं, जीभ लाल गुळगुळीत होऊन तिखट न सोसणं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा, विसरभोळेपणा, कायमचा थकवा: ही सगळी बी-१२ कमी असण्याची लक्षणं असू शकतात. आपण त्यांना नावं दिली होती वात, उष्णता आणि वय झालं. आजीला काही झालंच नव्हतं असं नाही. विचारणारं कुणी नव्हतं.

दोन, ही कमतरता गुपचूप येते. यकृतात बी-१२ चा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे आवक थांबली तरी लगेच कळत नाही. शिवाय फोलेट भरपूर असेल तर रक्ताचं चित्र बरं दिसत राहतं, हिमोग्लोबिन ठीक येतं, आणि आत नसा झिजत असतात. नसांचं नुकसान फार काळ चाललं तर सगळं भरून येत नाही. म्हणून "हिमोग्लोबिन बारा आहे, मला काय धाड भरलीय" हा युक्तिवाद इथं चालत नाही.

सगळ्यात हळवी गोष्ट तान्ह्या बाळांची. आईकडेच साठा नसेल तर तिच्या दुधातही बी-१२ कमी उतरतं. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेलं असं बाळ काही महिन्यांनी सुस्त होतं, हसायचं थांबतं, धरलेली मान सोडतं. वेळेत ओळखलं तर उपचार सोपा आहे.

"मग काय, आम्ही मांस खायला लागायचं?"

नाही. खाणाऱ्यांनी खावं. बांगड्यासारखे मासे आणि अंडी यांत बी-१२ चांगलं असतं, आणि अंड्यातलं ते पिवळ्या बलकात असतं. जिममधली मुलं बलक फेकून पांढरं खातात तेव्हा नेमकं तेच टाकतात. भाच्याला हे सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प बसला.

न खाणाऱ्यांना धर्म मोडायचं कारण नाही. कारण गोळीतलं बी-१२ टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून बनवतात. मूळ कारागीर तोच, फक्त मधली म्हैस वगळली. कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज, असू शकतं. त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांनी साधी गोळी मागावी.

"आम्ही नाचणी, मोड आलेली कडधान्यं, इडली, स्पिरुलिना घेतो की"

नाचणी उत्तम, पण तिच्यात हे नाही. मोड आणल्यानं बाकी फायदे होतात, बी-१२ येत नाही. इडली-ढोकळा आंबवलेले असले तरी भरवशाचं बी-१२ देत नाहीत, ते काम सगळेच जिवाणू करत नाहीत. स्पिरुलिनात असतो तो बराचसा तोतया. रेणू तसाच दिसतो, पण आपल्या शरीरात त्याचं काम चालत नाही. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल ग्रुपवर आलेला संदेश मी वाचला आणि पुढं पाठवला नाही.

सरकारी योजनांचंही जाता जाता सांगते. रेशनवर पोषणयुक्त तांदूळ दिला गेला, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळलेलं होतं. आंबेमोहोर आणि इंद्रायणी निवडून घेणाऱ्या आपण त्या तांदळाला हातही लावला नाही. दुधाच्या पिशवीवर निळं 'प्लस एफ' दिसलं तर त्यात वरून घातलेलं असतं अ आणि ड जीवनसत्त्व, बी-१२ नव्हे.

गोळी की इंजेक्शन?

आपल्याकडे सुई टोचली की बरं वाटतं, त्यात लाल रंगाचं इंजेक्शन असेल तर विचारूच नका. आकडा फारच खाली असेल, नसांची लक्षणं असतील किंवा शोषणच होत नसेल तर इंजेक्शन लागतं, आणि ते डॉक्टरच ठरवतील. एरवी गोळीही काम करते. बसचं उदाहरण आठवा. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतले दोन बसनं जातात, उरलेल्यांतला शंभरात एक पायी पोचतो, म्हणजे दहाएक मायक्रोग्रॅम मिळालं. दिवसाची गरज दोनची. पण एकदा कोर्स करून सोडून दिलं आणि ताट तेच राहिलं, तर साठा पुन्हा आटतो. वर्षा-दोन वर्षांनी तीच लाल खूण.

आमच्याकडे काय बदललं? सासूबाईंचे दोन चहा राहिले, तिसऱ्याऐवजी संध्याकाळी पेलाभर दूध, आणि दही वाटीत, पाण्यात नाही. लोण्याखालचं ताक घरातच संपतं. डॉक्टरांनी गोळीही दिलीय. पहिल्या दिवशी त्यांनी ती पाकिटासकट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "एकादशीला चालेल ना?" मी जिवाणू, टाकी, आंबवणं असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे विरजणच की," म्हणाल्या, आणि पाकीट हिंगाच्या डबीशेजारी ठेवून दिलं.